पराते मॅडमचा वाईट कोपरा

पराते मॅडम गेल्या म्हटलं की लोक लगेच चेहरे पाडतात, म्हणून आधीच सांगून टाकते: त्या रायपूरला गेल्या, लेकीकडं. ठणठणीत आहेत. फोनवर अजूनही मला रागावतात, आणि तिकडच्या पेरूपुढं आपली संत्री काहीच नाहीत असं मुद्दाम म्हणून माझं डोकं फिरवतात. पण डोळ्यांसमोर येतात त्या फोनवरच्या मॅडम नव्हेत. आमच्या फार्मसी कॉलेजातल्या लांबोळक्या प्रयोगशाळेत, कमरेवर हात ठेवून, एका सुईच्या टोकाकडं टक लावून उभ्या असलेल्या मॅडम येतात.

सुई इंजेक्शनची, फक्त टोक बोथट केलेली. अ‍ॅक्रिलिकच्या मोठ्या पेटीत ती उभी बसवलेली असे. वर पिचकारी, आणि तिला ढकलणारा पंप इतका संथ की बघणाऱ्याला वाटावं बंदच पडलाय. पिचकारीत क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेलं प्लॅस्टिक, म्हणजे ऑपरेशनचे आपोआप विरघळणारे टाके ज्याचे करतात त्या जातीचं, आणि त्यातच मिसळलेलं औषध. सुईला हजारो व्होल्टची वीज जोडायची, खाली अॅल्युमिनियमची पन्नी अंथरायची. वीज लागली की सुईच्या तोंडाशी लोंबणारा थेंब गोल राहत नाही, खाली निमुळता होतो, आणि त्याच्या टोकातून इतके बारीक तुषार सुटतात की धूर वाटावा. प्रत्येक तुषारावर एकाच जातीची वीज, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत, दूर पळतात. वाटेत क्लोरोफॉर्म उडून जातं आणि पन्नीवर पांढरी भुकटी पडते. साध्या डोळ्यांना भुकटी, मायक्रोस्कोपखाली पाहिली तर साबुदाण्यासारखे गोल दाणे.

ही भुकटी हिरड्यांसाठी होती. नागपूरच्या माणसाला खर्रा समजावून सांगावा लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून जे तयार होतं तो खर्रा, आणि निम्मं शहर तो गालात धरून बोलतं. हिरडी दातापासून सुटते, खाच पडते, खाचेत पू होतो. गोळी घेतली तर औषध अंगभर फिरतं आणि खाचेत जेमतेम पोचतं. मॅडमचं म्हणणं साधं होतं: भुकटी त्या खाचेतच भरा, दाण्यातून आठवडाभर औषध झिरपू द्या.

शहरातल्या एका दंत रुग्णालयानं ती पेशंटवर वापरून बघायची तयारी दाखवली होती. अट एकच, वेगवेगळ्या तीन वेळी केलेला माल एकसारखा निघाला पाहिजे. पहिले दोन माल हिवाळ्यात झाले, छान झाले. तिसरा राहिला होता, आणि मॅडम मेच्या शेवटी निवृत्त होणार होत्या. प्रकल्प त्यांच्या नावावर. माल जमला नाही आणि त्या गेल्या, की फाइल बंद, पेटी कपाटात आणि इतक्या वर्षांची मेहनत कपाटाच्या वर. यंत्र मलाही चालवता येत होतं, पण मी हाताखालची, कागदावर माझ्या नावाला कोण विचारतो. आम्ही दोघी एकाच खोलीत बसायचो. मी वनिता, नागपूरजवळच्या मौद्याची, शेतकऱ्याच्या घरची, वयानं त्यांच्याहून बरीच लहान आणि तोंडानं फटकळ. एवढी माझी ओळख पुरे.

वीज सुरू करण्याआधी मॅडम बांगड्या, अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र, सगळं काढून दाराशेजारच्या खिळ्याला अडकवत. एवढ्या विजेजवळ अंगावर धातू नको, हा नियम सगळ्यांना लागू होता, पण अख्ख्या सौभाग्यलेण्याचं तोरण खिळ्याला लटकलेलं फक्त त्यांचंच असे. एकदा त्या भाच्याच्या लग्नाला इथूनच परस्पर गेल्या, गळा मोकळाच. मंडपात बायकांची कुजबुज सुरू झाली. एक मावशी डोळ्याला पदर लावून जवळ आली आणि हळूच म्हणाली, “काहून वं पोरी, जावईबापू... आमाले कोणी कळवलं बी नाही.” मॅडमनी मागं बोट दाखवलं. जावईबापू पंगतीत बसून मठ्ठा मागत होते.

हे जावईबापू म्हणजे पराते भाऊजी, खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. बायकोला घ्यायला आले की पेटीत डोकावत आणि म्हणत, “आमच्या इथं विजेवर गावंच्या गावं चालतात, अन तुया इथं एक थेंब हलते.”

“तुमची वीज कधी डोळ्यानं दिसली का तुमाले?” मॅडम विचारायच्या. “माही दिसते. या, पाहा.”

आणि भाऊजी खरंच वाकून पाहत. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला असं वाकून बघायला लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मॅडम जुन्या नागपुरातल्या विणकराच्या घरच्या. वडिलांचा हातमाग होता, घरात उठल्यापासून झोपेपर्यंत सूत. यंत्र आलं त्या पहिल्या आठवड्यात आम्ही द्रावण घट्ट केलं. घट्ट द्रावणाचे तुषार होत नाहीत, त्याची तार ओढली जाते, हे पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं खरं करून पाहिल्याशिवाय पटतं कुणाला. संध्याकाळी पेटी उघडली तर पन्नीवर दाण्यांऐवजी सावरीच्या कापसासारखा पांढरा थर. मॅडमनी तो बोटानं उचलला, ताणला, आणि तिथंच स्टुलावर बसून हसायला लागल्या.

“बाप म्हणे, पोरी, शिक, सुताच्या मांगं लागू नको. एवढी शिकली, पीएचडी केली, सरकारनं मशीन देल्ली, अन काय निघून राहिलं त्याच्यातून? सूत.”

तो थर त्यांनी डबीत भरून वडिलांना दाखवायला नेला. म्हाताऱ्यानं चष्मा वर सारून पाहिलं, दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, “याचं लुगडं होईन का?”

“नाही होणार, बाबा.”

“मंग टाकून दे.”

दुसऱ्या दिवशी मॅडमनी द्रावण पातळ केलं.

त्या बाबांची एक रीत होती आणि ती मॅडमच्या अंगात पुरी मुरली होती. विणलेली लुगडी गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडं न्यायची. विणताना कुठंतरी सूत सुटतं, काठ हलतो, एखादा डाग पडतो. बाकीचे विणकर घडी अशी घालत की खोट आत जावी. व्यापारीही काही दुधखुळे नसत, ते सगळी घडी उलगडत, खोट काढत आणि मग चारचौघांत हुज्जत. मॅडमचे बाबा खोट असलेली बाजू मुद्दाम वर घडी घालत. दुकानात बसल्याबरोबर म्हणत, “शेटजी, हे इथं बिघडलं आहे, पाहून घ्या.” मॅडम लहानपणी सोबत जायच्या. त्या सांगत, “अन मंग तो शेट बाकीची घडी उघडतच नव्हता, वनिता. तशीच ठेवून घेई.” बाबांचं वाक्य त्यांना पाठ होतं आणि ते आम्हा सगळ्यांनाही पाठ झालं: खोट आपण दाखवावी, दुसऱ्यानं काढली तर ती चोरी होते.

म्हणून मॅडमच्या प्रयोगशाळेत कोणीही पन्नी काढली की पहिला प्रश्न, “वाईट कोपरा कोणता आहे?” पन्नीच्या मधोमध दाणे नेहमी चांगलेच पडतात, सुईच्या बरोबर खाली. कडेला गडबड होते. कुठं दाणा पुरता वाळायच्या आत पडून चपटा होतो, कुठं दोन चिकटतात, कुठं शेपटी फुटते. दुसरे लोक मधला तुकडा कापून फोटो काढतात, पेपरात छापतात, भिंतीवर लावतात. मॅडम कोपरा कापायच्या. त्यांच्या भिंतीवर सगळे विद्रूप फोटो, आणि प्रत्येकाला नाव: पापड, जुळे, शेपटीवाले. पाहुणा आला की त्या पहिले ती भिंतच दाखवत, एखादीनं आपल्या माहेरचे फोटो दाखवावे तशा.

मी एकदा म्हटलं, “मॅडम, हे म्हणजे पाहायला आलेल्या मंडळींना पोरीच्या पायाची भोवरी पहिले दाखवण्यातला प्रकार झाला.”

“दाखव ना मंग,” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यावर पाय काय कापून ठेवशीन?”



आता आमचे विभागप्रमुख, भोयर सर. वाईट माणूस नव्हे. गालात खर्रा, दुपारच्या चहाला बिस्किट बुडवून खायचे कारण चावलं की हिरडी ठणकायची, आणि त्यावर कोणी बोललं की म्हणायचे, “गर्मीनं होते ते.” त्यांची केबिन म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेच्या हॉलचा एक तुकडा, प्लायवुडची भिंत घालून वेगळा केलेला. भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती. वर एवढी मोकळी जागा की सरांचं फोनवरचं सगळं आम्हाला ऐकू येई, त्यांच्या व्याह्यांचं भांडणसुद्धा. त्या वर्षी केबिनचा एसी बंद पडला. दुरुस्तीचा कागद फिरत राहिला, म्हणून सरांनी एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसवून घेतला. कपाटाएवढा, आणि त्यात ताजा वाळा भरलेला. नागपूरच्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर म्हणजे काय सुख असतं ते मी सांगत बसत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत मात्र कूलरला बंदी. मॅडमचा कायदाच होता तो. क्लोरोफॉर्म उडताना थेंब गार पडतो. हवेत ओल असली तर थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो तसं पाणी त्या इवल्या थेंबावर बसतं. दाणा वाळल्यावर तिथं खड्डा राहतो. खड्डेवाल्या दाण्यातून आठवड्याचं औषध पहिल्या दिवशीच वाहून जातं. “माह्या बापाले ओल पाहिजे होती, सूत तुटू नये म्हणून मागापाशी पाणी शिंपडे,” मॅडम म्हणत. “मले पाहा, जन्मभर ओलीसोबत वैर.” मग आम्ही ओढण्या भिजवून मानेवर घ्यायचो आणि घाम पुसत काम करायचो. दाराजवळ आर्द्रता मोजायचं घड्याळासारखं यंत्र टांगलेलं होतं, ते रोज हवा खडखडीत कोरडी असल्याचं सांगायचं.

एप्रिलच्या अखेरीस तिसरा माल काढला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मधोमध दाणे बरे, पण कडेला गेलं की खड्डेच खड्डे, देवी आलेल्या तोंडासारखे. औषधाची चाचणी केली, पहिल्याच दिवशी जवळपास सगळं औषध बाहेर. मॅडमनी औषधाची नवी बाटली फोडली, सुई बदलली, पंप खोलून पुसला. मी चिडून म्हटलं, मशीनला दृष्ट लागली आहे, मिरच्या ओवाळा. त्यांनी तेवढंच करायचं बाकी ठेवलं होतं. परत माल काढला. परत खड्डे.

रुग्णालयाच्या मंडळींसमोर मेच्या सुरुवातीला माहिती द्यायची होती. आदल्या दिवशी भोयर सर स्वतः आमच्या खोलीत आले. खर्रा थुंकून आले होते, म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं.

“मॅडम, मधातले दाणे चांगले आहेत ना?”

“आहेत.”

“मंग मधातला फोटो लावा. खोटं कुठं आहे त्याच्यात? तुमच्याच पन्नीवरचे दाणे आहेत. एकदा मंजुरी मिळू द्या, मंग करत बसा सुधारणा.”

मॅडम सुई पुसत राहिल्या. मला वाटलं, पटलं यांना. खरं सांगू, मलाही पटलं होतं. इतक्या वर्षांचं काम, महिन्याभराची मुदत, आणि मधोमध दाणे खरोखरच सुंदर होते. असा फोटो जगातले सगळेच लावतात.

दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती सगळे बसले. रुग्णालयाकडून डॉ. मानकर आल्या होत्या, हिरड्यांच्या डॉक्टर, बोलायला कमी आणि बघायला तीक्ष्ण. दिवे बंद झाले, पडद्यावर पहिला फोटो आला. खड्डेवाला. भोयर सरांचा चेहरा अंधारातही दिसला मला.

“हा तिसऱ्या मालाचा सगळ्यात वाईट कोपरा आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या वेळी त्या पुस्तकी मराठी बोलत, परीक्षेला बसल्यासारखी. “दाण्यांना छिद्रं पडली आहेत. यातून औषध पहिल्या दिवशीच सुटतं. हा माल पेशंटला देण्यासारखा नाही. कारण अजून सापडलेलं नाही.”

मग डॉ. मानकरांनी विचारलं, “बाकीचे फोटो?”

“बाकीचे चांगले आहेत. म्हणूनच ते मागून दाखवते.”

डॉ. मानकरांनी मान हलवली. त्यांनी बाकीचे फोटो नीट पाहिलेही नाहीत. जाताना म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत चाचणीची जागा राखून ठेवता येईल, त्यानंतर दुसऱ्या प्रकल्पाला द्यावी लागेल. त्या गेल्यावर भोयर सर मॅडमना म्हणाले, “स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला तुम्ही.” आणि केबिनमध्ये जाऊन कूलर फुल्ल केला.

मला इतका राग आला होता मॅडमचा की मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. सत्यवचनाचं एवढं वेड असेल तर कीर्तन करा, म्हटलं मनात. त्यांना कळत होतं. डबा उघडला की माझ्यापुढं वाटी सरकवायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीचं दार उघडून त्या आत डोकं घालून सुई पुसत होत्या. एकाएकी थांबल्या.

“वनिता, तू काही अत्तर लावलं का वं?”

“मी? मौद्याच्या बाईला अत्तर कुठलं.”

“इकडं ये. वास घे.”

मी डोकं आत घातलं. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, आणि त्याच्या मागं, अगदी हलका, वाळ्याचा. ज्या खोलीत कूलर नाही, तिथल्या बंद पेटीत वाळा.

आम्ही दोघींनी एकदमच वर पाहिलं, प्लायवुडच्या भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडं. क्लोरोफॉर्मची वाफ बाहेर जावी म्हणून पेटीला पंखा लावलेला होता, तो सतत हवा बाहेर ओढत असे. ओढलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा कुठून तरी येणारच. ती येत होती भिंतीवरून, सरांच्या केबिनमधून, वाळ्यातून भिजून, थेट आमच्या पेटीत. आणि ओल मोजायचं यंत्र आम्ही टांगलं होतं खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, जिथं व्हरांड्यातली लू येत होती. ते बिचारं आपल्या जागेपुरतं खरंच सांगत होतं. मॅडमनी ते काढून पेटीत ठेवलं. काटा सरसर चढला.

“पाह्य,” मॅडम म्हणाल्या. “आपण कूलर आणला नाही म्हणून छाती फुगवून राहिलो होतो. कूलर तर भिंत चढून आला.”

त्यांनी ते यंत्र हातात धरलं आणि तशाच सरांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागोमाग. सर डोळे मिटून कूलरसमोर बसले होते. मॅडमनी यंत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, काट्यावर बोट ठेवलं, सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, “सर, माल काढून होईपर्यंत कूलर बंद ठेवा लागन.”

“मॅडम, मे महिना आहे. माणूस मरन.”

“आमी दोघी जित्या आहो ना.”

“वरची जागा बंद करून घ्या. पुठ्ठे लावा.”

“लावते. पण तुमचं दार उघडलं की ओल व्हरांड्यातून येईन. शिपाई येते, पोट्टे येतात. दिवसभर दार उघडंच राहते तुमचं.”

गालातला खर्रा सरांनी या बाजूचा त्या बाजूला केला आणि तोंड कसनुसं केलं. त्या बाजूची हिरडी सुजलेली होती, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. मॅडमनी पाहिलं, पण तो विषय काढला नाही. मी काढला असता. त्या एवढंच म्हणाल्या, “सर, तुमी म्हटलं ना, मंजुरी मिळू द्या मंग सुधारणा करा. मी आधी सुधारणा करून राहिली. त्यात माहा एकटीचा घाम पुरत नाही, थोडा तुमचा पाहिजे.”

सरांनी वर हात केला आणि कूलरचं बटण बंद केलं. पाणी पडायचा आवाज थांबला तशी खोली एकदम मोठी वाटायला लागली.

त्यानंतर जितके दिवस माल काढला तितके दिवस आमचे विभागप्रमुख खुर्ची बाहेर काढून आवारातल्या कडुलिंबाखाली बसले, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मांडीवर फायली. कोणी विचारलं तर म्हणायचे, “आतमधी सायन्स चालू आहे.” आम्ही आत खिडक्या लावून घेतल्या, वरच्या मोकळ्या जागेला पुठ्ठे ठोकले. सुईचं तोंड गरम हवेनं सारखं वाळायचं, ते मॅडम वीज बंद करून, पेटी नीट निर्धोक करून पुन्हा पुन्हा पुसत. खिळ्याला तोरण लटकलेलं. थेंब निमुळता झाला आणि स्थिर उभा राहिला की त्या श्वास रोखत आणि मलाही रोखायला लावत. जणू आमच्या श्वासाचीही ओल त्याला लागली असती. तेव्हा त्यांच्याकडं बघून मला कळलं की माझा राग कधीच निघून गेला आहे. मला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि थोडी भीतीही, की एवढं करूनही नाही जमलं तर ही बाई काय करेल.

औषध सुटण्याची चाचणी चांगली निघाली. दाण्यांचे फोटो राहिले. मोठा मायक्रोस्कोप कॉलेजात एकच, त्यावर रांग, आणि आमची पाळी आली नेमकी मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी. सकाळी निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, हार. भोयर सरांनी भाषणात सांगितलं की आपल्या नोकरीत वरिष्ठांनी बदली केली, कनिष्ठांनी तक्रारी केल्या, पण कूलर बंद करणारी बाई एकच भेटली. सगळे हसले. आम्ही सहकाऱ्यांनी त्यांना हिवाळ्यातल्या पहिल्या मालाचा मधोमधचा फोटो फ्रेम करून दिला, एकेक दाणा मोत्यासारखा. मॅडमनी तो हातात घेतला, भरपूर कौतुक केलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “हा मधातला आहे वं. चाल, आपली पाळी झाली.”

जेवणाची ताटं वाढली जात होती. आम्ही दोघी मागच्या दारानं सटकलो.

मायक्रोस्कोपची खोली थंड आणि अंधारी. मॅडम पडद्यासमोर बसल्या, अंगावर तीच शाल, नारळ त्यांनी टेबलावर ठेवला तो घरंगळायला लागला म्हणून मी उचलून कुशीत घेतला. पन्नीचे चार कोपरे कापून त्यांनी आधीच लावून ठेवले होते. मधला तुकडा आणलाच नव्हता. पहिला कोपरा पडद्यावर आला. गोल. त्या कडेकडेनं सरकत राहिल्या. गोल. दुसरा कोपरा. एखाददुसरा जुळा, एक शेपटीवाला, बाकी गोल, गुळगुळीत. खड्डा एकही नाही. तिसरा. चौथा. पुन्हा पहिला. बाहेरून भाऊजींच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, मग थोड्या वेळानं परत वाजला. मॅडमनी ऐकलं नाही. त्या आयुष्यभर जे हमखास सापडायचं ते शोधत होत्या.

शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि शालीच्या टोकानं पुसला. डोळेही त्यानंच पुसले.

“वाईट कोपरा सापडून नाही राहिला, वनिता,” त्या म्हणाल्या. “तू पाह्य बरं. तुही नजर खडूस आहे.”

मी नारळ त्यांच्या मांडीवर दिला आणि बसले. मी खरंच शोधलं. इतक्या प्रामाणिकपणे मी कुणाची चूक कधी शोधली नव्हती.

“नाही आहे, मॅडम.”

“मंग त्यातल्या त्यात जो वाईट आहे तो काढ.”

शेपटीवाला दाणा असलेला दुसरा कोपरा आम्ही निवडला आणि त्याचा फोटो काढला. डॉ. मानकरांना पाठवायच्या रिपोर्टात त्यांनी तो पहिल्या पानावर लावला, आणि त्याच्याखाली स्वतः टाइप केलं: सगळ्यात वाईट कोपरा. मग उठल्या, शाल नीट केली, एका हातात नारळ आणि एका हातात फ्रेम घेऊन जिना उतरल्या. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. भाऊजींनी काहीतरी विचारलं, मॅडमनी होकाराची मान डोलावली, तशी त्यांनी भर उन्हात स्कूटर स्टँडवर लावली आणि बायकोला हात जोडून नमस्कार केला. मॅडमनी त्यांच्या हातात नारळ ठेवला आणि मागं बसल्या. गळा मोकळाच होता. सकाळी पेटी शेवटची पुसायला आल्या होत्या तेव्हाचं तोरण अजून खिळ्यालाच होतं. मी हाक मारली नाही. उद्या ते न्यायला त्यांना यावंच लागणार होतं.